हू, विच, दॅट आणि आपलं जो-तो : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात दोन साधी इंग्रजी वाक्यं जोडून एक कसं करायचं यावर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर इतके मेल आणि पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. नावं छापलेली नाहीत, गाव तेवढं दिलंय. उदाहरणं मोठ्याने वाचा, यातल्या बऱ्याच चुका डोळ्यांआधी कानाला कळतात.

प्रश्न : मुलगा सेमी-इंग्लिशला नववीत आहे. माणसासाठी 'हू' आणि वस्तूसाठी 'विच' हे त्याला तोंडपाठ आहे तरी वाक्य जोडताना चुकतंच. 'आय हॅव अ फ्रेंड. ही लिव्ह्ज इन सातारा.' याचं त्याने 'आय हॅव अ फ्रेंड हू ही लिव्ह्ज इन सातारा' केलं. मार्क गेला. तो म्हणतो हू घातलं ना, मग चूक कुठे आहे? (एक आई, कराड)

उत्तर : ताई, मुलाचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याला कुणीतरी याचं नीट उत्तर द्यायलाच हवं. आपण मुलांना सांगतो की हू, विच, दॅट 'वाक्यं जोडतात', मग ती त्यांना अँड आणि बटसारखं वापरतात. अँड दोन वाक्यांच्या मधे येतं आणि दोन्ही वाक्यं जशीच्या तशी राहतात, 'आय हॅव अ फ्रेंड अँड ही लिव्ह्ज इन सातारा', इथे 'ही' हवाच. पण हू हे सर्वनाम आहे, ते दुसऱ्या वाक्यातल्या 'ही'चीच जागा घेतं. तुमच्या मुलाच्या वाक्यात एकाच खुर्चीवर दोघं बसलेत, हू पण आणि ही पण. ही उठला की वाक्य बरोबर, 'आय हॅव अ फ्रेंड हू लिव्ह्ज इन सातारा'.

त्याला पेन्सिल घेऊन असं करायला सांगा. दोन्ही वाक्यांत एकच माणूस किंवा एकच वस्तू कुठे कुठे आलीय ते शोधायचं आणि खाली रेघ मारायची, मग दुसऱ्या वाक्यातला तो शब्द खरोखर खोडायचा, त्याच्या जागी हू किंवा विच लिहायचं, ते त्या तुकड्याच्या सुरुवातीला आणायचं आणि अख्खा तुकडा उचलून पहिल्या वाक्यातल्या त्या नामाच्या लगेच मागे ठेवायचा. नुसतं वाचून हे सोपं वाटतं पण खोडायची सवय हातालाच लागायला हवी.

आता जरा अवघड जोडी घेऊ. 'द पेन इज लॉस्ट. माय अंकल बॉट द पेन.' दुसऱ्या वाक्यात पेन शेवटी आहे. ते खोडलं, विच लिहिलं, पुढे आणलं, झालं 'विच माय अंकल बॉट'. हा तुकडा पहिल्या वाक्यातल्या पेनच्या मागे ठेवला की 'द पेन विच माय अंकल बॉट इज लॉस्ट'. इथे मुलं हमखास 'बॉट'नंतर 'इट' ठेवतात, कारण शेवटचा शब्द खोडायचा राहून जातो. चूक तीच आहे, फक्त जागा बदलली.

अजून एक चूक हिच्यासारखीच दिसते पण येते दुसरीकडून. 'द बॉय हू लिव्ह्ज इन सातारा ही इज माय फ्रेंड.' ही चूक थेट मराठीतून येते. आपण म्हणतो 'जो मुलगा साताऱ्यात राहतो, तो माझा मित्र आहे', आपल्याकडे जो आला की तो येतोच, जोडीच आहे ती. इंग्रजीत जो आहे पण त्याच्या जोडीचा तो नाही. मुलगा मराठीत विचार करून लिहीत असेल तर त्याला रागावू नका, मराठी वाक्यातला तो दाखवा आणि म्हणा की इंग्रजीत जाताना हा इथेच सोडायचा.

प्रश्न : 'आय बॉट अ शर्ट फ्रॉम अ शॉप विच वॉज टॉर्न.' यात ग्रामर बरोबर आहे असं मला वाटतं, पण क्लासच्या सरांनी कापलं. (अकरावी कॉमर्स, बार्शी)

उत्तर : सरांनी बरोबर कापलं, तुझ्या वाक्यात दुकान फाटलंय. इंग्रजीत विच ज्या नामाच्या शेजारी बसतं त्याचंच होतं. 'द शर्ट विच आय बॉट फ्रॉम द शॉप वॉज टॉर्न' असं लिही.

मराठीत ही अडचण एवढी येत नाही कारण आपल्याकडे लिंग मदतीला येतं. 'दुकानातून शर्ट घेतला जो फाटका होता' म्हटलं की 'जो' आणि 'फाटका' दोघं ओरडून सांगतात की आम्ही शर्टाचे, दुकानाचं असतं तर 'जे' आणि 'फाटकं' आलं असतं. इंग्रजीतल्या विचला लिंग नाही, वचन नाही, त्याला फक्त शेजार कळतो. म्हणून तो तुकडा वाक्यात कुठे ठेवतोस यावर सगळं अवलंबून आहे.

प्रश्न : एमपीएससीची तयारी करतोय. हू आणि हूममध्ये प्रत्येक वेळी गोंधळ होतो. नियम वाचलाय, कर्ता असेल तर हू, कर्म असेल तर हूम. पण कशाचा कर्ता, तेच कळत नाही. (पुणे, मूळ गाव परभणी)

उत्तर : दुसऱ्या वाक्याचा कर्ता, म्हणजे खोडलेला शब्द दुसऱ्या वाक्यात जे काम करत होता ते काम बघायचं, पहिल्या वाक्यात तो काय आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. पुस्तकातला नियम बरोबर असतो पण ही एवढी एक गोष्ट सांगायची राहून जाते आणि अख्खा गोंधळ तिथेच होतो.

'द ऑफिसर वॉज काइंड. आय मेट हिम.' खोडला 'हिम', म्हणून हूम, 'द ऑफिसर हूम आय मेट वॉज काइंड'. 'द ऑफिसर वॉज काइंड. ही हेल्प्ड मी.' खोडला 'ही', म्हणून हू. ऑफिसर दोन्हीकडे पहिल्या वाक्याचा कर्ता आहे, तरी एकदा हूम आणि एकदा हू. हिम आणि हूम दोघांच्या शेवटी म आहे, परीक्षेत घाई असेल तेव्हा एवढं लक्षात ठेवलं तरी चालतं.

एक सापळा मात्र सांगते, एरर शोधायच्या प्रश्नात हा येऊ शकतो. 'द मॅन हूम आय थिंक इज द ओनर'. इथे 'आय थिंक' दिसलं की हात हूमकडे जातो. दुसरं वाक्य वेगळं काढून बघा, 'आय थिंक ही इज द ओनर', खोडला 'ही', म्हणजे हू हवं. आय थिंक, आय बिलीव्ह, दे से असं काही मधे आलं की ते बोटाने झाकायचं आणि मग वाचायचं.

बोलताना आज इंग्रज माणूससुद्धा बहुतेक ठिकाणी हूच म्हणतो, 'द ऑफिसर हू आय मेट' हे कुणालाही खटकत नाही. पेपरात मात्र हूमच लिहा. आणि हूमच्या आधी टू, विथ, फ्रॉम असा शब्द आला, 'द क्लार्क टू हूम आय स्पोक', तर तिथे बोलतानाही हू चालत नाही.

प्रश्न : आजोबांच्या जुन्या इंग्रजी बायबलमध्ये प्रार्थना 'अवर फादर विच आर्ट इन हेवन' अशी आहे. देवाला 'विच' कसं? छपाईची चूक आहे का? (अहिल्यानगर)

उत्तर : चूक नाही. 1611 साली इंग्लंडमध्ये छापलेल्या किंग जेम्स बायबलचं ते इंग्रजी आहे, त्या काळात विच माणसालाही लागायचं. माणसाला हू आणि वस्तूला विच ही वाटणी नंतर हळूहळू पक्की झाली. आजोबांचं पुस्तक जपून ठेवा.

प्रश्न : आयटीत आहे, रोज क्लायंटला डॉक्युमेंट पाठवावी लागतात. 'विच' लिहिलं की वर्ड खाली रेघ मारतो आणि 'दॅट' करा नाहीतर कॉमा द्या म्हणतो. शाळेत तर विच आणि दॅट दोन्ही चालतं असं शिकलो होतो. खरं काय? (हिंजवडी)

उत्तर : शाळेत शिकलात ते ब्रिटिश वापराप्रमाणे आजही बरोबर आहे. वर्ड सांगतो तो नियम अमेरिकेत जास्त पाळला जातो. इंग्रजी वापरावर लिहिणाऱ्या फाउलर यांनी 1926 मध्ये सुचवलं होतं की कोणती वस्तू ते ओळखायला तुकडा लागत असेल तर दॅट आणि नुसती जादा माहिती असेल तर विच असं वाटून घेतलं तर बरं होईल. म्हणजे ती सूचना होती, पण अमेरिकेतल्या संपादकांनी ती मनावर घेतली. क्लायंट अमेरिकेतला असेल तर वर्डचं ऐका, लंडनचा असेल तर ती रेघ तशीच राहिली तरी बिघडत नाही.

पण दॅट आणि विचपेक्षा कॉमा महत्त्वाचा आहे, त्याने अर्थच बदलतो. 'माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नागपूर इज अ डॉक्टर.' कॉमा नाही म्हणजे मला अजूनही भाऊ आहेत आणि मी त्यातल्या नागपूरवाल्याबद्दल बोलतेय. आता तेच वाक्य 'ब्रदर'नंतर एक कॉमा आणि 'नागपूर'नंतर एक कॉमा देऊन लिहिलं तर मला भाऊ एकच, आणि तो नागपूरला राहतो हे मी जाता जाता सांगितलं. ऑफिसचं उदाहरण घ्या. 'द फाइल्स विच वेअर करप्टेड हॅव बीन डिलीटेड' म्हणजे करप्ट झालेल्या तेवढ्याच फाइल उडवल्या. दोन कॉमा दिले की सगळ्याच फाइल करप्ट होत्या आणि सगळ्याच उडवल्या. क्लायंटचा फोन येईल असा फरक आहे हा! मराठीत 'नागपूरला राहणारा माझा भाऊ डॉक्टर आहे' यातून भाऊ किती ते कळत नाही, आपण संदर्भावर सोडून देतो, त्यामुळे इंग्रजी लिहिताना कॉमाकडे आपलं लक्षच जात नाही.

दोन गोष्टी सोबत लक्षात ठेवा. कॉमानंतर दॅट येत नाही, तिथे हू किंवा विचच. आणि ऑल, एव्हरीथिंग, नथिंग, द ओन्ली, द बेस्ट असे शब्द असतील तर वस्तूसाठी दॅटच चांगलं दिसतं, 'ऑल दॅट ग्लिटर्स' आपण सगळ्यांनी ऐकलंय.

हा वाद जुना आहे बरं का. 1711 मध्ये लंडनच्या स्पेक्टेटर या नियतकालिकात हू आणि विच यांच्या नावाने एक अर्ज छापून आला होता, तक्रार अशी की दॅट नावाच्या उपऱ्याने आमची जागा बळकावली. खरा इतिहास उलटा आहे, या कामात दॅट जुना आणि हू, विच नंतर आलेले.

प्रश्न : मी वेब सीरिज इंग्रजी सबटायटल लावून बघते. त्यात 'द गर्ल आय मेट', 'द थिंग्ज यू सेड' असंच असतं, हू विच काहीच नाही. मग आपण परीक्षेत का घालायचं? आणि कधी काढता येतं? (बीए दुसरं वर्ष, रत्नागिरी)

उत्तर : हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, इंग्रजी कानाने शिकायला लागलं की असेच प्रश्न पडतात. खोडलेला शब्द दुसऱ्या वाक्यात कर्म असेल तर हू, विच, दॅट बोलताना गाळता येतं. 'आय मेट द गर्ल', गर्ल कर्म आहे, म्हणून 'द गर्ल आय मेट' चालतं. कर्ता असेल तर गाळता येत नाही. 'द गर्ल मेट मी इज फ्रॉम गोवा' असं झालं तर ऐकणाऱ्याला वाटतं की 'द गर्ल मेट मी' इथेच वाक्य संपलं. चटकन बघायचं असेल तर जोडशब्दानंतर लगेच क्रियापद आलं की तो ठेवायचा, आय, यू, माय मदर असा दुसरा कुणी आला की काढला तरी चालतो. कॉमा असतील तिथे मात्र कधीच काढायचा नाही. आणि परीक्षेत 'हू वापरून जोडा' म्हटलं असेल तर हू दिसलंच पाहिजे, तिथे ते गाळून मार्क घालवू नकोस.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढे आहे. 'द गर्ल आय मेट' मराठीत सांग बघू. 'मला भेटलेली मुलगी'. 'जी मुलगी मला भेटली ती' असं आपण रोजच्या बोलण्यात किती वेळा म्हणतो? फार कमी. आपण 'काल आलेला माणूस', 'आईने केलेली भाजी', 'पुण्याला जाणारी गाडी', 'दारात उभी असलेली बाई' असंच बोलतो. म्हणजे इंग्रजी जिथे हू आणि विच घेऊन वाक्य जोडतं तिथे मराठी बहुतेक वेळा 'लेला' आणि 'णारा' लावून मोकळी होते. मुलांना हे कुणी दाखवतच नाही, आपण फक्त जो-तो शिकवतो, मग त्यांना वाटतं की हू आणि विच ही व्याकरणाच्या तासापुरती गोष्ट आहे, प्रत्यक्षात असली वाक्यं ती घरी दिवसभर बोलत असतात.

'आईने केलेली भाजी' घे. यात भाजी आहे आणि तिच्या आधी एक अख्खं वाक्य लपलंय, 'आईने भाजी केली'. इंग्रजीत भाजी आधी येणार आणि तिचं वर्णन मागे, 'द भाजी दॅट माय मदर मेड'. 'पुण्याला जाणारी गाडी' म्हणजे 'द ट्रेन दॅट गोज टू पुणे', आणि इंग्रजीलाही आपल्यासारखंच आटोपशीर बोलता येतं, 'द ट्रेन गोइंग टू पुणे'. 'दारात उभी असलेली बाई' म्हणजे 'द वुमन हू इज स्टँडिंग अ‍ॅट द डोअर', त्यातलं 'हू इज' काढलं की 'द वुमन स्टँडिंग अ‍ॅट द डोअर'. मराठीत वर्णन नामाच्या आधी, इंग्रजीत नामाच्या मागे, एवढीच उलटापालट करायची आहे. दिवसभरात कानावर पडणारी अशी 'लेला', 'णारा'वाली वाक्यं वहीत लिही आणि त्यांचं इंग्रजी कर, व्याकरणाच्या पुस्तकातल्या जोड्या सोडवण्यापेक्षा याने लवकर जमेल असं माझं मत आहे.

प्रश्न : 'द हाऊस विच आय लिव्ह इज ओल्ड' यात काय चूक? घर वस्तू आहे म्हणून विच घातलं. (डोंबिवली)

उत्तर : 'इन' हरवलं. दुसरं वाक्य 'आय लिव्ह इन द हाऊस' होतं, तुम्ही 'हाऊस' खोडताना 'इन'पण खोडलंत. मराठीत 'ज्या घरात मी राहते' यातला त घराला चिकटलेला असतो त्यामुळे तो विसरता येत नाही, इंग्रजीतला इन सुटा असतो आणि गळून पडतो. बरोबर वाक्यं तीन होतात. 'द हाऊस विच आय लिव्ह इन इज ओल्ड', बोलताना हेच. 'द हाऊस इन विच आय लिव्ह', हे जरा सरकारी पत्रासारखं. आणि 'द हाऊस व्हेअर आय लिव्ह', यात व्हेअरने 'इन विच' दोन्ही पोटात घेतलं म्हणून परत इन लावायचा नाही. 'इन दॅट आय लिव्ह' मात्र होत नाही, दॅटच्या आधी असा शब्द बसत नाही.

इन, ऑन, विथ वाक्याच्या शेवटी येणं चूक आहे असं पुष्कळ जणांना शिकवलेलं असतं. ड्रायडन या इंग्रज कवीने 1672 मध्ये त्याला नावं ठेवली होती, तेव्हापासून ते चाललंय. इंग्रजी बोलणारे लोक तेव्हाही शेवटी ठेवत होते आणि आजही ठेवतात, बिनधास्त ठेवा.

आणि 'जागा असेल तर व्हेअर' असंही पाठ करू नका. 'द टाऊन विच आय लाइक' बरोबर आहे, टाऊन जागा असूनही, कारण 'आय लाइक द टाऊन' यात इन नाहीच. परत तेच, दुसऱ्या वाक्यात काय होतं ते बघायचं.

प्रश्न : 'हूज' फक्त माणसांसाठी ना? (बेळगाव)

उत्तर : नाही, वस्तूंनाही चालतं, 'अ हाऊस हूज रूफ लीक्स' चांगलं इंग्रजी आहे. 'द रूफ ऑफ विच' पण बरोबर, पण अवघडलेलं वाटतं. हिज, हर, इट्स, देअर यातलं काही खोडलं की त्या जागी हूज. 'द बॉय हू हिज फादर इज अ फार्मर' हे चुकतं ते यामुळेच, 'हू' आणि 'हिज' दोन्ही काढून एक 'हूज' घाला. स्पेलिंग सांभाळा, अपॉस्ट्रॉफी दिला की ते 'हू इज' होतं.

प्रश्न : 'ऑल व्हॉट ही सेड' चूक का? मराठीत 'जे तो बोलला ते सगळं', त्यातलं 'जे' म्हणजे व्हॉट ना? (नांदेड)

उत्तर : 'जे'च्या आधी किंवा शेजारी कुठलंच नाम किंवा 'सगळं'सारखा शब्द नसेल तेव्हाच 'जे' म्हणजे व्हॉट. 'तो जे बोलला ते खरं होतं', 'व्हॉट ही सेड वॉज ट्रू'. ऑल आला, थिंग आलं, वर्ड्स आलं की व्हॉट जाऊन दॅट येतं, 'ऑल दॅट ही सेड', 'द वर्ड्स दॅट ही सेड'.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला शिकवतो. हा धडा फळ्यावर मांडायला कुठून सुरुवात करावी? वर्गात पुस्तकं आहेत, बाकी साधनं फारशी नाहीत. (एक शिक्षक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : सर, पहिल्या तासाला इंग्रजी काढूच नका. मुलांकडून मराठी वाक्यं घ्या, 'शेळी हरवली' आणि 'मामाने शेळी आणली', आणि विचारा की हे एका दमात कसं सांगाल. कुणी 'मामाने आणलेली शेळी हरवली' म्हणेल, कुणी 'मामाने जी शेळी आणली ती हरवली' म्हणेल. दोन्ही फळ्यावर लिहा आणि दोन्हींत शेळी किती वेळा आली ते मोजायला लावा. दुसरी शेळी कुठे गेली हे मुलांनाच शोधू द्या, एकदा त्यांना ते सापडलं की अर्धा धडा झाला.

दुसऱ्या तासाला जुन्या वहीच्या पाठकोऱ्या कागदाच्या पट्ट्या करा. एका पट्टीवर 'द गोट इज लॉस्ट', दुसरीवर 'माय अंकल ब्रॉट द गोट', आणि विच, हू, हूज, दॅटच्या छोट्या चिठ्ठ्या. दुसऱ्या पट्टीतून 'द गोट' कात्रीने कापून खरंच काढून टाकायला लावा, उरलेल्या तुकड्याच्या पुढे 'विच' लावायला लावा आणि मग पहिली पट्टी 'गोट'पाशी कापून त्या फटीत तो तुकडा बसवायला लावा. हातात कापलेला शब्द राहिला की 'इट' परत लिहायची चूक कमी होते. सुरुवातीच्या सगळ्या जोड्या अशा घ्या की पहिल्या वाक्यातलं नाम सुरुवातीलाच आहे, कारण मधे फट पाडून तुकडा घुसवणं हेच मुलांना जड जातं, शेवटी चिकटवणं त्यांना आपोआप येतं. हूम आणि कॉमा त्या आठवड्यात अजिबात नको.